विषय: संशोधक सत्काराचे निकष आणि एच-इंडेक्स

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार,

यंदाच्या संशोधक सत्कारासाठी आलेल्या अर्जांपैकी दोन अर्ज बायोमेडिकल इमेजिंगमधील, म्हणजे शरीराच्या आतल्या प्रतिमा घेण्याच्या शास्त्रातील आहेत. एका अर्जदाराचे काम एमआरआयच्या भौतिकशास्त्रावर आहे, तर दुसऱ्याचे संगणकाकडून प्रतिमांचे विश्लेषण करून घेण्यावर. निवड समितीत या विषयाचे जाणकार कोणी नसल्याने गूगल स्कॉलर या शोधनिबंधांच्या सूचीवरील एच-इंडेक्स (निबंधांची संख्या आणि त्यांचे उल्लेख यांवरून काढलेला आकडा) आणि एकूण सायटेशन्स (इतर निबंधांत झालेले उल्लेख) पाहून क्रम लावावा, असा प्रस्ताव आहे. कोणाची हरकत असल्यास कळवावी.

सचिव, कार्यकारिणीच्या वतीने

*

सचिव महोदयांस सादर नमस्कार,

माझी सारी नोकरी रुग्णालयांच्या रेडिओलॉजी विभागांत मेडिकल फिजिसिस्ट म्हणून झाली, त्यामुळे या प्रस्तावाला हरकत घेणे मी माझे कर्तव्य समजतो.

सीटी स्कॅनचा गणिती पाया घालणारे ॲलन कॉर्मॅक हे केप टाउन विद्यापीठात भौतिकशास्त्राचे अध्यापक होते. 1956 साली तेथील ग्रूट स्क्यूर रुग्णालयात किरणोत्सारी द्रव्यांच्या वापरावर देखरेख ठेवण्यासाठी आठवड्यातील काही वेळ त्यांची नेमणूक झाली आणि तिथेच त्यांना प्रश्न पडला, की शरीराबाहेरून वेगवेगळ्या दिशांनी किरणांचे शोषण मोजले, तर आतल्या प्रत्येक बिंदूचे शोषण गणिताने काढता येईल का. ॲल्युमिनियमच्या वर्तुळाकार ठोकळ्याभोवती लाकडाचे कडे बसवून त्यांनी पहिला प्रयोग केला, तेव्हा ठोकळ्याच्या मध्यभागी शोषण किंचित कमी असल्याचे दिसले. कार्यशाळेत चौकशी केल्यावर कळले, की मध्यभागी खरोखरच थोड्या वेगळ्या धातूची खुंटी होती. न कापता आतले दिसते, याचा इतका चोख पुरावा क्वचितच मिळतो! पुढे अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठात असताना त्यांनी 1963 आणि 1964 साली ‘जर्नल ऑफ अप्लाइड फिजिक्स’मध्ये दोन शोधनिबंध प्रसिद्ध केले, पण त्यांना जवळजवळ काहीच प्रतिसाद मिळाला नाही. निबंधाची प्रत मागणाऱ्यांत स्वित्झर्लंडमधील हिमस्खलनांचा अभ्यास करणारी एक संस्था होती, हे त्यांनी स्वतःच आपल्या नोबेल व्याख्यानात नमूद केले आहे. 1970 साली एखाद्या समितीने सायटेशन्स मोजून निवड केली असती, तर कॉर्मॅक यांचे नाव पहिल्याच चाळणीत गळाले असते.

त्यांच्यासोबत 1979 चे नोबेल मिळालेले गॉडफ्रे हाउन्सफील्ड हे तर ईएमआय कंपनीतील अभियंता. त्यांच्या सीटी स्कॅन यंत्राचा पेटंट अर्ज 1968 चा, विंबल्डनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाचा मेंदू त्या यंत्रावर तपासला गेला तो 1 ऑक्टोबर 1971 रोजी, आणि यंत्राचे सविस्तर वर्णन करणारा निबंध मात्र 1973 साली आला. आज आपल्यापैकी कोणाच्याही सीटी स्कॅनच्या रिपोर्टमध्ये उतींची घनता हाउन्सफील्ड एककांत लिहिली जाते, ज्यात पाणी म्हणजे शून्य आणि हवा म्हणजे उणे 1000. ते एकक वापरताना मूळ निबंधाचा हवाला सहसा कोणी देत नाही. म्हणजे काम जितके अंगवळणी पडले, तितके ते सायटेशन्सच्या मोजणीतून निसटले.

एच-इंडेक्सची रचनाच इथे अपुरी पडते. होर्हे हिर्श यांनी 2005 साली मांडलेल्या या मापानुसार, किमान 20 वेळा उद्धृत झालेले 20 निबंध असतील (आणि किमान 21 वेळा उद्धृत झालेले 21 नसतील), तर इंडेक्स 20. साहजिकच दोन निबंधांनी वैद्यकशास्त्र बदलून टाकले, तरी त्यांची भर दोनाच्या पुढे जाऊ शकत नाही.

आपला, एक ज्येष्ठ सभासद

*

आदरणीय काका,

आपले म्हणणे पटले, परंतु मग सायटेशन्सना काहीच अर्थ नाही का? आणि आमच्यासारख्या बिगर-वैद्यकीय मंडळींनी निर्णय कसा घ्यावा?

निवड समितीची एक सदस्या

*

चि. ताईस सप्रेम नमस्कार,

अर्थ निश्चित आहे. जर्मनीतील फ्रायबुर्ग येथील रोनेबर्गर, फिशर आणि ब्रॉक्स यांचा 2015 मधील ‘यू-नेट’ या, वैद्यकीय प्रतिमांतील भाग वेगळे ओळखणाऱ्या संगणकीय पद्धतीवरचा निबंध पाहा. तो परिषदेत सादर झालेला मोजक्या पानांचा निबंध आहे, तरी त्याच्या सायटेशन्स लाखाच्या घरात गेल्या आहेत. तज्ज्ञांनी हाताने रेखाटलेल्या थोड्याच प्रतिमांवर संगणकाला शिकवता येते, हे त्यांनी दाखवले आणि प्रोग्रामही सर्वांना खुला केला, म्हणून जगभरच्या प्रयोगशाळांनी तो उचलला. इथला आकडा प्रत्यक्ष वापर दाखवतो. मात्र प्रतिमांच्या संगणकीय विश्लेषणाच्या क्षेत्रात निबंधांचा ओघ प्रचंड असतो, तर एमआरआयच्या भौतिकशास्त्रात काम करणारे संशोधक त्या मानाने थोडे असतात. म्हणूनच आपल्या दोन्ही अर्जदारांचे आकडे एकाच तराजूत घालणे अन्यायाचे होईल.

माझी सूचना अशी, की दोघांकडून स्वतः निवडलेले तीन-तीन निबंध मागवावेत आणि प्रत्येकाबद्दल साध्या मराठीत अर्धे पान लिहून घ्यावे: या कामाआधी काय शक्य नव्हते, आज ती पद्धत दुसऱ्या कोणत्या प्रयोगशाळेत किंवा रुग्णालयात वापरली जाते, आणि लेखकांच्या यादीत आपले स्वतःचे काम नेमके कोणते. बहुधा पहिला लेखक प्रत्यक्ष काम करणारा आणि शेवटचा प्रयोगशाळेचा प्रमुख असतो, पण मधल्या नावांचे योगदान विचारल्याशिवाय कळत नाही. मुदत एका आठवड्याने वाढवल्यास सहाही निबंध मी वाचीन आणि समितीच्या बैठकीत त्यांवर बोलेन.

आपला, काका