मदत हवी आहे: वाड्याच्या तुळईला कुठलं औषध मारू? अर्जंट!

औसेकर_वाडा: आजोबांचा वाडा आहे, औशाला. माळवदाखालची, म्हणजे मातीच्या धाब्याखालची, एक तुळई खराब व्हायली. मृगाच्या आत काम उरकायचंय. पेस्ट कंट्रोलवाला आख्ख्या वाड्याचे पैसे मागायलाय. औषध कुठलं आणि लिटरला किती, एवढंच सांगा.

तळखडा: खराब म्हणजे? पीठ गळतंय, मातीच्या नळ्या चढल्यात, का लाकूड काळं-मऊ पडलंय? तिन्हीची दुखणी वेगळी.

जळकं_ऑइल: एवढा कीस कशाला! जळकं ऑइल अन् रॉकेल निम्मं-निम्मं, दोन हात मारा. आमच्या गोठ्याचे वासे अजून ठणठणीत.

तळखडा: गोठ्याला चालतंय हो. घरात वास, वरून आगीची भीती. आणि तेल प्यालेलं लाकूड नंतर पाण्यातलं औषध पीत नाही.

जळकं_ऑइल: तुमी ऑइल मारून बगितलंय का कदी? का नुसतंच?

औसेकर_वाडा: भांडू नका राव. नळ्या नाहीत, पीठ नाही. सागवान आहे. सागाला काही लागत नाही म्हणतात ना?

सुतारकी: गाभ्याला सहसा नाही. कडेचं पांढरं लाकूड सागाचं असलं तरी किडतं. तुळईचं भिंतीत गेलेलं टोक बघितलं का? पेचकस टोचा.

धाराशिवकर: माळवद काढा, स्लॅब टाका. १९९३ च्या भूकंपात किल्लारीत जड माळवदं कोसळून काय झालं ते विसरलात?

तळखडा: स्लॅबचं विचारलंय कुणी? पण ओझ्याचं खरं आहे. दरसाली नवी माती चढवता, जुनी उतरवता का?

औसेकर_वाडा: पेचकस दोन बोटं आत गेला. ओलसर लागतंय. भिंतीपलीकडं गेल्या वर्षी बाथरूम काढलंय, सिमेंटचं प्लास्टर केलंय. पण ते पलीकडच्या बाजूला.

सुतारकी: अहो, हे आधी सांगायचं! ही बुरशी. लाकडात साधारण २० टक्क्यांच्या वर ओल टिकली की धरतेच. मातीच्या भिंतीतली ओल सिमेंट बाहेर पडू देत नाही, मग ती तुळईच्या टोकात मुरते. आज खाली टेकू द्या. गळका पाइप शोधा, प्लास्टर फोडून चुन्याचा गिलावा करा. कुजलेलं टोक कापून सागाचाच जोड द्या, भोवती हवेला जागा सोडा. मग बोरिक-बोरॅक्सचं पाणी मारा. पावसात भिजणाऱ्या लाकडाला मात्र ते नको, धुऊन जातं.

जुनी_दारं: वाड्याचं नक्षीचं दार द्यायचंय का? रोख देतो.

औसेकर_वाडा: दार विकायचं नाही. बोरॅक्स लिटरला किती?

तळखडा: टेकू लावला का?