एकल तबल्याला फोनमधला लेहरा: चालतो का?

तिरकिट: सोसायटीच्या गणपतीत एका तरुण तबलजीचं एकल वादन ऐकलं. हात तयार, पण लेहरा, म्हणजे ताल दाखवत पेटीवर पुन्हा पुन्हा वाजणारी ती एक ओळ, फोनमधून. सुरुवातीचा संथ पेशकार झाला, मग बोल फिरवत वाढणारा कायदा रंगला आणि लय चढवायची वेळ आली, तेव्हा गड्यानं डग्ग्यावरचा हात काढून स्क्रीनवर बोट फिरवलं. चढलेला रेला, जलद बोलांची ती सरसर, तिथेच बसला. माझं मत: यंत्राचा तानपुरा ठीक, कारण त्याच्या छेडण्याला तालाचं बंधन नसतं. लेहरा मात्र १६ मात्रांचा रस्ता दाखवत असतो. तो वाजवणारा माणूसच हवा.

काळी_चार: बोलायला काय जातं! मंडळाच्या पाकिटातून तबलजीचा रिक्षाखर्च निघतो जेमतेम. पेटीवाल्याला काय, प्रसादाचा मोदक द्यायचा? आणि पाऊण तास तीच एक ओळ धरून बसायला चांगले पेटीवाले तयार नसतात. लय वाढवायला शिष्याला फोन देऊन शेजारी बसवायचं. त्यानं तयारी केली नव्हती, यंत्राला कशाला बोल?

तिरकिट: शेजारी बसवायचाच आहे तर त्याच्या हातात पेटी द्या ना!

जवारी: मला तर यंत्राचा तानपुराही खटकतो. जी. राज नारायण यांनी १९७९ मध्ये बंगळुरूत इलेक्ट्रॉनिक तानपुरा बनवला. रियाजाला त्याचे उपकारच आहेत, माझ्याही घरी एक आहे. पण मिरजेच्या तानपुऱ्यावर घोडीशी दोरा केसभर सरकवला की जवारी, म्हणजे तारेचा झंकार, खुलते, ती त्या स्पीकरमध्ये नाही. शिवाय गुरूच्या मागे तानपुरा धरून बसणारा शिष्य मैफल कशी उभी राहते ते पाठीमागून बघत असतो. ती जागाच गेली.

परदेशी_पाहुणा: आमच्या गावात शंभर मैलांत पेटीवाला नाही. फोन नसता तर मी तबला कधीच विकला असता. घरच्या बैठकीतही तोच साथीला.

तिरकिट: घरी वाजवा की, कोण नको म्हणतंय? पण मंचावरची गोष्ट वेगळी. एकदा मी तिहाईत, म्हणजे तोच तुकडा तीनदा वाजवून समेवर येताना, एक मात्रा आधीच आलो. पेटीवाल्यानं डोळ्यानं हेरलं, सूर किंचित दाबून मला सावरून घेतलं. श्रोत्यांना पत्ता नाही. फोन असं सावरेल?

काळी_चार: कशाला सावरायचं? सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, चुकली तर चार लोकांत चुकू दे. मग पुढच्या वेळी घरी मोजून येशील.