मायक्रोफोनशिवाय बिग बँड आणि ट्रम्पेटचे म्यूट: आवाज पोचत नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी एका बिग बँडमध्ये (जॅझच्या मोठ्या वाद्यवृंदात) तिसरा ट्रम्पेट वाजवतो. पाच सॅक्सोफोन, चार ट्रॉम्बोन, चार ट्रम्पेट आणि ऱ्हिदम सेक्शन (पियानो, गिटार, डबल बास, ड्रम्स) अशी नेहमीचीच सतरा जणांची मांडणी. आम्ही एकही मायक्रोफोन लावत नाही, गिटार आणि डबल बासलाही अँप्लिफायर नाही. हे सगळ्यांनी मिळून ठरवलंय आणि मला ते मनापासून आवडतं. एकमेकांचं ऐकत तोल सांभाळायची सवय लागते. पण म्यूट (आवाज दबवायला ट्रम्पेटच्या पुढच्या रुंद तोंडात, म्हणजे बेलमध्ये, बसवायचं बूच) लावायची वेळ आली की माझी पंचाईत होते.

एका संथ गाण्यात मला सोळा बारचा (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा गट) सोलो आहे, हार्मन म्यूट (धातूचा, बारीक आवाजाचा) लावून, त्याची मधली नळी काढून. मला स्वतःला तो छान ऐकू येतो. गेल्या तालमीत हॉलच्या शेवटच्या रांगेत फोन ठेवून रेकॉर्ड केलं, तर माझा नुसता एक बारीक झंकार ऐकू येतो, तोही मधूनमधून. मधल्या सप्तकातलं तर काहीच नाही.

दुसरी अडचण चौघांची मिळून आहे. कप म्यूट (पुढे वाटीसारखा कप असलेला) लावून एक जागा आहे, पानावर 'पी' (हळू आवाजात) लिहिलंय, आणि सॅक्सोफोन खाली लांब सूर धरतात. त्यात आम्ही बुडतो. जोर लावला की सूर चढतो आणि आवाज फाटतो. ट्यूनिंग स्लाइड (सूर जुळवायची सरकती नळी) थोडी बाहेर काढून पाहिली, सूर जरा सावरला, पण बुडणं काही थांबलं नाही.

मायक्रोफोनशिवाय वाजवणारे कुणी असतील तर कृपया सांगा, तुम्ही काय करता? हार्मनचा नादच सोडावा का?

प्रतिसाद १

बरीच वर्षं लीड ट्रम्पेट वाजवतोय, त्या अनुभवावर सांगतो.

आधी कपचं. पानावरचा 'पी' हा श्रोत्याला काय ऐकू यावं यासाठी असतो. म्यूट लावल्यावर तेवढंच पोचवायला तुम्हाला 'एमएफ'च्या (मध्यम जोराच्या) आसपास वाजवावं लागेल. चौघांनी पेन्सिलीने तसं लिहूनच टाका, नाहीतर प्रत्येक जण आपापल्या अंदाजाने वाजवणार.

मग तुमचे कप तपासा. कपची कड ट्रम्पेटच्या बेलला जितकी जवळ, तितका आवाज मऊ आणि दबलेला. कप मागेपुढे सरकवता येत असेल तर बेलपासून थोडा दूर घ्या. सरकत नसेल तर म्यूटला बेलमध्ये धरून ठेवणारे कॉर्क बघा. बरेच जण म्यूट नीट बसावा म्हणून कॉर्क घासतात आणि अति घासतात. मग म्यूट आत जातो, कप बेलला जवळजवळ टेकतो. असं झालं असेल तर जाड कॉर्क नव्याने चिकटवा. चौघांचे कप एकाच जातीचे असले तर सूर जुळायला फार सोपं जातं.

आणि नोटेशनचा स्टँड! बेल स्टँडच्या मागे असेल तर निम्मा आवाज कागदच खातो. स्टँड खाली करा, जवळजवळ सपाट, आणि त्याच्या वरून वाजवा. फुंकर वाढवण्याआधी हे करा.

हार्मनला कॉर्कचं अख्खं कडं असतं, सगळी हवा म्यूटच्या आतूनच जाते. म्हणून तो इतका बारीक वाजतो. नळी काढलेल्या हार्मनचा जो आवाज आपल्या कानात बसलाय तो जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसमुळे, आणि त्यांची बेल मायक्रोफोनला जवळपास चिकटलेली असायची. तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत नुसत्या दमाने नेता येईल असं मला वाटत नाही.

प्रतिसाद २

मी ट्रम्पेटवाला नाही, बँडसाठी अरेंजमेंट (कोणत्या वाद्याने कधी काय वाजवायचं ते) लिहितो, तेव्हा दुसऱ्या बाजूने सांगतो. तुमचा सोलो ऐकू येत नाही यात इतर सोळा जणांचा वाटा मोठा असतो. त्या सोळा बारमध्ये सॅक्सोफोन तुमच्याच सप्तकात सूर धरून आहेत का? असतील तर त्यांना गप्प करा, किंवा दोघांनाच वाजवू द्या. ड्रम्सवर काड्यांऐवजी ब्रश, झांज अगदी कमी. पियानोनेही तुमच्या सुरांच्या जागी उजवा हात आवरावा.

तुम्ही मागच्या ओळीतून का वाजवता? उठून पुढे या. एवढ्यानेही चांगलाच फरक पडतो.

आणि प्लंजरचा (हातात धरून बेलसमोर उघडझाप करायच्या रबरी वाटीचा) विचार करा. 1920च्या दशकात जॅझ बँडप्रमुख ड्यूक एलिंग्टन यांच्या बँडमध्ये बबर मायली आणि 1929पासून त्यांच्या जागी आलेले कूटी विल्यम्स प्लंजरवर ट्रम्पेटला अक्षरशः बोलायला लावायचे. हात उघडला की आवाज मोकळा बाहेर पडतो, म्हणून तो पोचतो.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. काल तालीम झाली.

स्टँड खाली केले आणि 'एमएफ' धरला. चौघांपैकी दोघांचे कॉर्क खरंच घासून पातळ झाले होते, त्यातला एक मीच. माझे बदलले. रेकॉर्डिंगमध्ये कपची जागा आता स्वच्छ ऐकू येते, आणि मुख्य म्हणजे कुणालाही रेटावं लागलं नाही, त्यामुळे सूरही चढला नाही.

हार्मनचा सोलो पुढे उभं राहून वाजवला. सॅक्सोफोन फक्त दोन, ड्रम्सवर ब्रश. पोचला! मधले सूर अजून पातळ आहेत, पण चाल कळते. नळी आत घालूनही एकदा वाजवला. आवाज जास्त एकवटला, मात्र त्या गाण्याचा हळवेपणा गेला. बहुतेक नळीशिवायच ठेवेन.

आता एक नवीन प्रश्न. सोलो संपला की जागेवर परत जाऊन चार बारमध्ये स्ट्रेट म्यूट (साधा, शंकूसारखा) लावायचा आहे. हार्मन काढून ठेवायचा, स्लाइड पुन्हा जुळवायची, आणि आवाज न करता. तुम्ही म्यूट कुठे ठेवता?

प्रतिसाद १

स्टँडच्या दांड्याला म्यूट ठेवायची कडी मिळते, ती लावा. नाहीतर खुर्चीखाली जाड टॉवेल. स्लाइड मात्र जुळवू नका, स्ट्रेटनेही सूर चढतोच, तेव्हा हार्मनसाठी बाहेर काढलेली तशीच राहू द्या आणि उरलेलं ओठांनी सावरा. स्ट्रेट बसवताना कॉर्कवर तोंडाची वाफ सोडा आणि थोडा पिळून बसवा. कोरडा कॉर्क ऐन वेळी दगा देतो, आणि शांत गाण्यात खाली पडलेल्या धातूच्या म्यूटचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत अगदी व्यवस्थित पोचतो.