तुसाचं पीपी: थेंब घटले, आग नाही

प्रश्न: पीपीत (पॉलिप्रोपिलीन प्लास्टिकमध्ये) वजनाने ३० टक्के भाताचं तूस, शिवाय ३ टक्के मॅलेइक अ‍ॅनहायड्राइडयुक्त कप्लर, म्हणजे तूस आणि प्लास्टिक सांधणारा घटक. उभ्या ज्वाला-चाचणीत जळते थेंब कमी झाले, पण पट्टी क्लॅम्पपर्यंत जळते. तुसात एवढी सिलिका असून असं का?

उत्तर १: सिलिका राखेचा सांगाडा देते, ज्वाला विझवत नाही. तूस २२० अंश सेल्सिअसच्या आसपास, पीपीच्या बरंच आधी विघटतं. म्हणून कोन कॅलरीमीटरमध्ये (जळताना सुटणारी उष्णता मोजणारं यंत्र) उष्णता सुटण्याच्या दराचं शिखर उतरतं, तरी मिश्रण पेट बहुधा लवकर घेतं. अमोनियम पॉलिफॉस्फेट हे ज्वालारोधक, फेज II या स्फटिकरूपातलं, २० ते २५ टक्क्यांपासून सुरू करा. आग अडवणाऱ्या कोळशाच्या थरासाठी कार्बन तुसातलं सेल्युलोजच पुरवतं. मिश्रण वितळवणाऱ्या यंत्राचं बॅरल १९० अंशांच्या वर नको.

प्रश्नकर्ता: अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड चालेल? स्वस्त पडेल.

उत्तर २: पीपीत नकोच. ते २०० अंशांजवळ पाणी सोडतं, माल बॅरलमध्येच फेसाळू शकतो. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड ३०० अंशांपर्यंत टिकतं, पण ५० टक्क्यांच्या वर लागतं. मग तुसाला जागा कुठे?

आणि तूस १०५ अंशांवर वाळवून ओलावा १ टक्क्याखाली आणा. पट्टी मोडून कड भिंगाखाली बघा. वाफेची बारीक छिद्रं दिसली तर त्या पट्टीचा निकाल धरू नका. जाडीही लिहा, ३.२ मिमीला उत्तीर्ण झालेलं मिश्रण १.६ला सहज नापास होतं.