टोकन म्हणून दोन हजार भरायचे काय?

शहापूर काका: ग्रुपवरच्या सगळ्यांनी वाचा जरा. परवापासून एकजण सारखे फोन करूलालाय. माझं २०१६ मधलं क्रेडिट कार्ड, त्याची बाकी आता १ लाख ४० हजार झाली म्हणतो. आज टोकन म्हणून २००० भरा, उद्यापासून फोन बंद, असं सांगतोय. भरून टाकू काय?

पुणे दादा: काका, थांबा. एक रुपया भरू नका.

वडगाव आत्या: भरून मोकळा हो की रे. दोन हजारासाठी कटकट कशाला? दारात माणसं आली तर गल्लीत तोंड दाखवायची चोरी.

टिळकवाडी मामा: वडगावच्या अक्का, त्या भीतीवरच या वसुलीवाल्यांचं पोट चालतंय. काका, त्याला विचारा, तू बँकेचा माणूस की दुसऱ्या कंपनीचा? थकलेली जुनी कर्जं बँका कधी कधी दुसऱ्या कंपन्यांना विकून मोकळ्या होतात. विकलं असेल तर तसं पत्र दाखव म्हणावं. आणि सकाळी ८ च्या आधी, संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे.

शहापूर काका: काल रात्री साडेनऊला आलेला. पत्र मागितलो तर आवाज चढवला त्यानं.

पुणे दादा: मग स्क्रीनशॉट ठेवा, वेळ दिसली पाहिजे. २००० का नको म्हणतो ते सांगतो. असल्या कर्जासाठी कोर्टात दावा लावायची मुदत ३ वर्षं. मुदत चालू असताना तुम्ही लेखी कबूल केलं किंवा सही देऊन थोडं भरलं, की ती ३ वर्षं पुन्हा पहिल्यापासून.

वडगाव आत्या: म्हणजे मुदत गेली की कर्ज माफ?

टिळकवाडी मामा: माफ कुठलं. दावा लावता येत नाही, एवढंच. क्रेडिट रिपोर्टमध्ये, म्हणजे आपल्या कर्जांच्या नोंदवहीत, डाग राहतो तो राहतोच. आणि मुदत संपल्यावरही "भरतो" म्हणून सहीनिशी लिहून दिलं तर तो नवा करार धरतात. म्हणून व्हॉट्सअॅपवर सुद्धा त्याला "होय, देणार आहे" असलं काही लिहू नका.

शहापूर काका: कालच "बघतो" म्हणून पाठवलो.

टिळकवाडी मामा: बघा की. बघायला कोण नको म्हणतंय 😄

शहापूर वहिनी: मामंजींच्या वतीनं मी लिहिते. पोराच्या होम लोनला हे सहकर्जदार आहेत, तिथंही काहीतरी अडलंय म्हणून बँकेतनं निरोप आलाय. रिपोर्ट बघितला तर स्कोर कमी होतो म्हणतात, खरं काय?

पुणे दादा: नाही वहिनी. स्वतःचा स्वतः बघितला तर काही होत नाही. बँकेत अर्ज केल्यावर बँक बघते, त्याची नोंद पडते. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असा नियम आहे. त्यांच्याच साइटवर जा. चारही काढा, सगळीकडे सारखंच असतं असं नाही.

खानापूर अक्का: आमच्या गटाच्या कर्जाचं पण त्यात दिसतं काय गं? माझ्या नावावर ४०,००० आहे.

पुणे दादा: मायक्रोफायनान्स कंपनीचं असेल तर दिसतं अक्का. कुणाला जामीन राहिली असशील तर ते पण.

खानापूर अक्का: भाच्याच्या ट्रॅक्टरला राहिलेय की!! सौहार्द सहकारी सोसायटीतनं.

टिळकवाडी मामा: सगळ्या सौहार्दवाल्यांची माहिती तिकडं जातेच असं नाही. पण त्यानं हप्ते थकवले तर सोसायटी तुझ्याच दारात येणार, रिपोर्टात असो नसो. त्याला हप्त्याचं पासबुक दाखवायला सांग. आणि गटवाल्या कंपनीच्या माणसांनी दमदाटी केली तर गप्प बसू नको. आपल्या कर्नाटकात २०२५ मध्ये सक्तीच्या वसुलीविरुद्ध कायदाच आलाय, १० वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड आहे त्यात.

*(दुसऱ्या दिवशी)*

शहापूर वहिनी: रिपोर्ट काढायचा ओटीपी मामंजींच्या जुन्या सिमवर जात होता, ते सिम शेवटी पत्र्याच्या पेटीत सापडलं. तिथंच कागदांच्या गठ्ठ्यात हे पण मिळालं. फोटो टाकते. 📷

पुणे दादा: अरे! हे २०१९ चं सेटलमेंट लेटर आहे! काका, तुम्ही ४५,००० भरून मिटवलेलं आहे हे.

शहापूर काका: भरलो होतो खरं. धाकटीच्या लग्नाच्या धावपळीत. मिटलं म्हणून सोडून दिलो.

शहापूर वहिनी: दोन रिपोर्टांत तेच कार्ड "सेटल्ड" दाखवतंय, एकात "रिटन ऑफ" (म्हणजे बुडीत धरलेलं), बाकी १ लाख ४० हजार. चौथा अजून उघडत नाही.

टिळकवाडी मामा: आता कळलं, फोनवाल्याकडं जुनीच यादी आहे. हे पत्र आणि पैसे भरल्याची पावती लावून ज्या कंपनीच्या रिपोर्टात "रिटन ऑफ" आहे तिच्या साइटवर आजच तक्रार टाका, आणि एक प्रत बँकेला. फी काही नाही. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढं दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते, एप्रिल २०२४ पासून. बँकेनं दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं ऑनलाइन जाता येतं.

वडगाव आत्या: बघा! दोन हजार वाचले. मीच म्हणत होते.

पुणे दादा: आत्या 🙏

शहापूर काका: मग आता होम लोन होईल?

टिळकवाडी मामा: तेवढं सोपं नाही. "सेटल्ड" म्हणजे बँकेनं काही रक्कम सोडली, पूर्ण फिटलं नाही. लोन देणारा ते बघून नाक मुरडतोच. सोडलेली रक्कम भरून "क्लोज्ड" करून घेता येतं, पण ती किती ते बँकेकडून लेखी घ्या, भरल्यावर ना-हरकत पत्र घ्या. त्यापेक्षा मला विचाराल तर पोराचा पगार पुरतोय काय ते आधी बघा. पुरत असेल तर तुमचं नाव सहकर्जदारातनं काढून अर्ज करा. बँकेनं तुमचं नाव कशासाठी मागितलंय ते पण विचारा.

शहापूर वहिनी: उद्या जाऊन विचारते. अजून एक, कालच एका माणसाचं कार्ड आलंय, "७ दिवसांत सिबिल क्लीन, फक्त ५,०००".

पुणे दादा: खरी नोंद कोणी पुसू शकत नाही. चुकीची असेल तर फुकटात दुरुस्त होते. ते कार्ड चुलीत.

टिळकवाडी मामा: आणि त्याला पॅनकार्डाचा फोटो पाठवला नाही ना कोणी?

शहापूर काका: नाही. पाठवणार होतो.

खानापूर अक्का: वहिनी, रविवारी येते, माझा पण काढून दे. आधार आणू काय पॅन?

शहापूर वहिनी: दोन्ही आणा. आणि पॅनला, बँकेला जो मोबाइल दिलाय तोच फोन आणा, नाहीतर मामंजींसारखी पेटी उपसायला लागेल.