समाजवादातून बाजाराकडे : आडवं काय येतं, लोकांची सवय की कायद्याचा क्रम?

पंचगंगाकाठ : रशियात २ जानेवारी १९९२ ला बहुतेक किमती मोकळ्या सोडल्या. वर्षभरात भाव पंचवीसपटीच्या घरात गेले, आयुष्यभराची शिल्लक मातीमोल झाली. त्याच वर्षी सरकारी कारखान्यांचे शेअर घ्यायला प्रत्येक नागरिकाला १०,००० रूबलचं व्हाउचर वाटलं. लाभांश म्हणजे काय हे कुणी पाहिलेलं नव्हतं, घरात रोकड नव्हती. अनेकांनी ते मिळेल त्या भावाला विकून टाकलं. शिवाय घर, पाळणाघर, दवाखाना सगळं कारखान्याचंच. म्हणून व्यवस्थापकांनी माणसं फारशी कमी केली नाहीत, पगार महिनोन्‌महिने थकवले, कधी पगाराऐवजी माल दिला. सवयी जुन्याच ठेवून मालकी बदलली की ती हुशार मूठभरांकडं जाते.

शिरोलीकर : सवयीवर खापर फोडू नका. एस्टोनिया १९९१ पर्यंत त्याच सोव्हिएत संघात होता. जून १९९२ मध्ये त्यांनी स्वतःचं चलन, क्रून, आणलं आणि ८ क्रूनला १ जर्मन मार्क असा दर बांधला. परकीय गंगाजळी असेल तेवढंच चलन! रशियात मध्यवर्ती बँक तोट्यातल्या कारखान्यांना कर्ज देत राहिली. खासगीकरणातही कामगार-व्यवस्थापकांना कारखान्याचे ५१ टक्के शेअर घ्यायची मुभा होती. बहुतेकांनी तोच पर्याय घेतला. म्हणजे जुना साहेबच नवा मालक. हा कायद्याचा दोष.

गुळपेठ : एस्टोनियाचा दाखला तुमच्यावरच उलटतो. तिथं १९४० पर्यंत खासगी शेती होती, जुन्या मालकांच्या वारसांना जमिनी परत मिळाल्या. पोलंडमध्ये तर समाजवादी काळातही सुमारे तीन चतुर्थांश शेतजमीन खासगीच. रशियात सामूहिक शेतीला साठ वर्षं झालेली, घासाघीस करणारी पिढीच संपलेली.

शिरोलीकर : आणि चीन? जमीन गावाचीच ठेवली, कुटुंबाशी करार केला. ठरलेला वाटा सरकारला, उरलेलं बाजारात. नियम बदलला, तशी सवय आली.

पंचगंगाकाठ : चीनचे कम्यून, म्हणजे सामूहिक शेतीचे गट, १९५८ चे. नियम बदलला तेव्हा वीसच वर्षांचे. बापाला बाजार आठवत होता. इथलंच घ्या. उसाची एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान भाव, १४ दिवसांत, नाहीतर १५ टक्के व्याज, असं कायद्यात लिहिलंय. पण सहकारी साखर कारखान्याचा संचालक पाहुण्यातला, पोरगं कारखान्याच्या शाळेत. व्याज मागायला किती सभासद उठतात?

शिरोलीकर : म्हणूनच क्रम. कारखाना विकायचाच असेल तर आधी शाळा-दवाखाना वेगळ्या ट्रस्टकडं द्या, थकीत बिलं भागवा, मग लिलाव काढा. शाळा दुसऱ्याच्या हातात गेली की तोच सभासद व्याज मागेल.