कॅमेऱ्यात दिसलं तरी चौकशी लागतेच

काही जण म्हणतात की कामगाराची चोरी कॅमेऱ्यात दिसली तर कारखान्याने चौकशी कशाला करायची, सरळ गेटबाहेर काढायचं. असं नसतंय ओ. आमचे मामा सोलापूरला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर (मागांवर देखरेख ठेवणारा) होते, २०१३ ला एक दिवस वॉचमननेच सांगितलं उद्यापासून येऊ नका, बास. नोटीस नाही की कागद नाही. नंतर कळलं सूत चोरल्याचा आरोप आहे म्हणून.

नियम असा की आधी आरोपपत्र, उत्तराला वेळ, मग चौकशी, त्यात मालकाच्या साक्षीदाराला उलट प्रश्न विचारायची संधी. आणि जो फिर्यादी तोच चौकशी अधिकारी चालत नाही. पण एक गोष्ट लोकांना माहीत नसते, मालकाने चौकशी केली नाही म्हणून कामगार आपोआप जिंकत नाही, मालक कोर्टात पुरावा देऊन आरोप सिद्ध करू शकतो. मामांच्या केसमध्ये तेच चाललं, तारखांवर तारखा. आरोप खरा निघाला तरी कोर्ट १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ११अ खाली शिक्षा, म्हणजे कामावरून काढणं, कमी करू शकायचं, ते वेगळं.

शेवटी पाच वर्षांनी तडजोड, कामावर परत पण मागचा पगार सोडला. मामी अजून बोलते त्याच्यावरून.

तुमच्यावर असा आरोप आला तर आधी राजीनाम्यावर सही करू नका, कोरा कागद तर नकोच. हजेरी कार्ड, पगाराची चिठ्ठी जपून ठेवा, आणि कामावर घ्या म्हणून स्पीड पोस्टाने पत्र टाका, नाहीतर मालक म्हणतो हाच यायचा बंद झाला.